एका वेळी एकानेच बोलायचं

रात्री साडेआठचा सुमार. हॉलमध्ये टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगलाय, बेडरूममध्ये कुणाची परदेशातल्या ऑफिसशी मीटिंग चालू आहे, मुलगी मोबाइलवर क्लासचे व्हिडिओ बघतेय, दाराबाहेरचा कॅमेरा चोवीस तास जागा आहे आणि चार्जिंगला लावलेला एखादा फोन कुणाला न सांगता दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवतोय. अचानक मीटिंगमधला आवाज तुटतो, टीव्हीवर गोल फिरायला लागतं आणि आतल्या खोलीतून विचारणा होते, ‘नेट गेलं का?’ दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन जातो. तो शंभरचा प्लॅन तीनशेचा करून देतो. आठवडाभराने मीटिंगमधला आवाज पुन्हा तुटतो.

साधी बेरीज करून बघू. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं आणि फुल एचडीसाठी ५. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. कॅमेरा आणि फोटो धरूनही या घराची गरज तीस-पस्तीसच्या फार पुढे जात नाही. शंभरच्या प्लॅनमध्येच निम्म्याहून जास्त जागा रिकामी होती. म्हणजे गाडं अडतंय ते केबलमध्ये नाही. ते अडतंय राऊटर आणि उपकरणं यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांच्या हवेत. या हवेत वेगापेक्षाही वेळ महाग असतो. एका सेकंदात किती उपकरणांना बोलायची संधी मिळते आणि मिळालेल्या संधीत प्रत्येक जण किती पटकन बोलून मोकळा होतो, यावर घरातल्या वायफायची तब्येत ठरते.

हवाई बेटांवरून आलेली शिस्त

रेडिओवरून डेटा पाठवायचा पहिला मोठा प्रयोग हवाई विद्यापीठात झाला. बेटं विखुरलेली, मधे समुद्र, आणि संगणक मात्र ओआहू बेटावर. नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू केलं. त्यातला नियम अगदी मोकळा होता: ज्याला जेव्हा पाठवायचं असेल त्याने पाठवावं, दोघांचे संदेश एकमेकांवर आदळून बिघडले तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं. गणित मांडल्यावर कळलं की या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी लागू शकतो. बाकीचा वेळ टकरींत आणि शांततेत जातो.

वायफायने यावर उतारा म्हणून एक शिस्त घेतली: बोलण्याआधी ऐकायचं. तुमचा फोन पॅकेट पाठवण्याआधी हवेत कुणाचा आवाज आहे का ते बघतो. शांतता असली तरी लगेच तोंड उघडत नाही. ५ गिगाहर्ट्झवर तो आधी ३४ मायक्रोसेकंद थांबतो, मग शून्य ते पंधरा यांतला एक आकडा मनाशी धरतो आणि नऊ-नऊ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी तो उलटा मोजतो. मोजता मोजता मधेच दुसरं कुणी बोललं तर मोजणी तिथेच थांबते आणि शांतता झाल्यावर पुढे सुरू होते. शून्य आला की पॅकेट सुटतं. ते नीट पोचल्याची पावती राऊटरकडून आली तर ठीक. नाही आली, तर टक्कर झाली असं समजून फोन पुढच्या वेळी दुप्पट मोठ्या पल्ल्यातून आकडा धरतो.

पावती लागते, कारण वायफायचं उपकरण बोलत असताना त्याच चॅनलवर ऐकू शकत नाही. स्वतःच्याच आवाजापुढे दुसऱ्याचा क्षीण आवाज बुडून जातो. त्यामुळे पाठवणं आणि घेणं आळीपाळीनेच होतं आणि एका चॅनलवर साधारणपणे एका वेळी एकच जण बोलतो. घरात पंधरा उपकरणं असली तर पंधरा जणांची ही रांग आहे आणि राऊटरही त्याच रांगेत उभा आहे.

या शिस्तीची किंमत मोजावी लागते. १५०० बाइटचं एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. दुवा ३०० एमबीपीएसचा असेल तर ते हवेतून जायला ४० मायक्रोसेकंद लागतात. पण आधीचं थांबणं, मोजणी, पॅकेटची प्रस्तावना आणि शेवटची पावती यांतच दीडशेच्या वर मायक्रोसेकंद खर्ची पडतात. नव्या पद्धतींत म्हणून एकदा नंबर लागला की बरीच पॅकेटं एकत्र बांधून पाठवतात. तरीसुद्धा फोनच्या पडद्यावर ‘लिंक स्पीड’ म्हणून जो आकडा दिसतो, त्याच्या साठ-पासष्ट टक्के वेग प्रत्यक्षात हाती आला तर समाधान मानावं.

एक संथ, सगळे संथ

आता या रांगेतली खरी मेख. सिग्नल चांगला असेल तर उपकरण भराभर बोलतं. सिग्नल क्षीण झाला की चूक होऊ नये म्हणून ते आपला वेग उतरवत नेतं: ३००, १५०, ५४, आणि अगदी कोपऱ्यात गेलं तर ६. वर आपण बघितलेलं तेच १२,००० बिटांचं पॅकेट ६ एमबीपीएसने जायला २,००० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे पन्नासपट वेळ.

चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. प्रत्येकाने आपल्या नंबराला एक हंडा भरायचा, असा नियम. एकीच्या हंड्याचं तोंड इतकं अरुंद की तो भरायला दहा मिनिटं लागतात. नियम कुणीच मोडलेला नाही, पण मागची सगळी रांग तिच्या गतीने सरकते. नळाचा दाब वाढवून इथे काही साधत नाही.

फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या संशोधकांनी २००३ मध्ये नेमकं हेच दाखवलं. तेव्हाच्या ११ एमबीपीएसच्या वायफायवर एखादं उपकरण १ एमबीपीएसने बोलू लागलं की बाकी सगळ्यांचा वेगही त्याच्या पातळीला उतरत होता. आजचे आकडे घालून बघू. एक लॅपटॉप ३०० वर आणि एक कॅमेरा ६ वर, दोघेही सतत पाठवताहेत आणि दोघांना पॅकेटमागे एकेक नंबर मिळतोय. दोघांची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २,४०० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात प्रत्येकाचे १२,००० बिट जातात. हिशेब केला तर दोघांच्याही वाट्याला ५ एमबीपीएस येतात. ३०० वर बोलणाऱ्या लॅपटॉपलासुद्धा पाचच.

दाराबाहेरचा कॅमेरा इथे निरुपद्रवी वाटतो, कारण त्याचं चित्र फार तर २ एमबीपीएसचं असतं. पण लोखंडी सेफ्टी डोअरपलीकडून तो ६ वर बोलत असेल, तर तेवढ्याशा चित्रासाठी तो हवेतला एक तृतीयांशाहून जास्त वेळ खातो, तोही दिवसरात्र. राऊटरच्या यादीत त्याचा डेटा किरकोळ दिसेल, पण त्याने घेतलेला वेळ तिथे दिसत नाही. काही राऊटरमध्ये ‘एअरटाइम फेअरनेस’ नावाची सेटिंग असते. ती नंबर समान वाटण्याऐवजी वेळ समान वाटायचा प्रयत्न करते. आपल्या राऊटरमध्ये ती असेल तर जरूर चालू करावी.

शेजारीही याच रांगेत

हवेला भिंती नसतात. शेजारच्या फ्लॅटमधला राऊटर तुमच्याच चॅनलवर असेल आणि त्याचा आवाज तुमच्या उपकरणांना ओळखता येण्याइतका पोचत असेल, तर तोही तुमच्या रांगेत उभा राहतो. पासवर्ड वेगळा, बिल वेगळं, कंपनी वेगळी. वेळ मात्र सामायिक.

२.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये ही गर्दी फार आहे. आपल्याकडे तिथे १३ चॅनल दिसतात, पण त्यांच्यात पाच-पाच मेगाहर्ट्झचंच अंतर असतं आणि एकेक चॅनल वीस मेगाहर्ट्झ जागा अडवतो. एकमेकांना न लागणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. काही जण ॲपवर बघून ‘३ रिकामा दिसतोय’ म्हणून तिथे जातात. तो निवांत वाटतो, पण तिथून १ आणि ६ वरच्या उपकरणांचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. जे कळतं त्याच्यासाठी थांबता येतं. गोंगाटात मात्र पॅकेट बिघडतं आणि पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून गर्दी असली तरी १, ६, ११ यांपैकीच एक निवडावा आणि चॅनलची रुंदी ४० न ठेवता २० ठेवावी.

याशिवाय प्रत्येक राऊटर ‘मी इथे आहे’ असा पुकारा सेकंदाला सुमारे दहा वेळा करतो. तुमच्या फोनवर नावांची जी लांबलचक यादी दिसते, ती या पुकाऱ्यांमुळेच. पुकारा सगळ्यांना, अगदी जुन्या उपकरणांनाही समजावा म्हणून तो सर्वांत कमी वेगाने केला जातो, २.४ वर बऱ्याचदा १ एमबीपीएसने. तीनशे बाइटच्या पुकाऱ्याला अडीच मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकेका नावामागे चॅनलचा अडीच टक्के वेळ गेला. एका चॅनलवर दहा नावं असतील तर कुणी काहीही डाउनलोड करत नसताना पाव वेळ संपलेला असतो. आणि कितीतरी घरांत पाहुण्यांसाठीचं एक वेगळं नाव आणि जुन्या, न काढलेल्या राऊटरचं आणखी एक नाव उगाच पुकारत असतं.

५ गिगाहर्ट्झवर परिस्थिती पुष्कळ बरी आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या बँडमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरायला खुला केला. २.४ वर आपल्याला मिळतात जेमतेम ८३. शिवाय इथे पुकाराही किमान ६ एमबीपीएसने होतो, म्हणून वेळ कमी खातो. ८० मेगाहर्ट्झचे रुंद चॅनल वापरले तरी शेजाऱ्यांपासून बाजूला व्हायला वाव असतो. मात्र मधल्या काही चॅनलवर हवामान खात्यासारख्यांच्या रडारचा अधिकार पहिला. तिथे जाणाऱ्या राऊटरला आधी किमान मिनिटभर कान देऊन बसावं लागतं आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो. त्यामुळे बरेच राऊटर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ या दोन गटांतच राहतात. एका गटात गर्दी दिसली तर दुसरा करून बघावा.

आधी तीन मोजण्या

उपायाला हात घालण्याआधी दुखणं कुठे आहे ते शोधावं. त्याला तीन मोजण्या पुरतात.

पहिली: लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडून स्पीड टेस्ट. इथेच वेग कमी आला तर तक्रार कंपनीकडे करावी. मात्र शंभरहून मोठा प्लॅन असून आकडा ९४-९५ वर येऊन ठाम अडकत असेल, तर राऊटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच आहे, किंवा केबलच्या आठांपैकी एखादी तार क्लिपमध्ये नीट बसलेली नाही. तीनशेचे पैसे भरून शंभरवर राहिलेल्या घरांत हेच सापडतं.

दुसरी: केबल काढून, राऊटरपासून पाच-सहा फुटांवर वायफायने. पहिली मोजणी चांगली आणि ही वाईट आली तर बँड, चॅनल किंवा राऊटर यांत खोट आहे.

तिसरी: जिथे त्रास होतो त्या खोलीत, शक्यतो रात्रीच्या गर्दीच्या वेळी. दुसरी चांगली आणि तिसरी वाईट असेल तर प्रश्न जागेचा. अशा वेळी फोनमधल्या वायफायच्या तपशिलात लिंक स्पीड बघावी. ती दोन आकड्यांत घसरली असेल तर तो फोन रांगेतला अरुंद तोंडाचा हंडा झालेला आहे आणि त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांना होतोय.

आधी हवेतली गर्दी कमी करा

सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत जुना आहे: केबल. जी वस्तू जागची हलत नाही तिला हवेत बोलायचं कारणच नाही. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डेस्कटॉप, गेमचा बॉक्स, कॅमेऱ्याचं रेकॉर्डर यांना लॅनने जोडा. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग सहज नेते आणि बोलणं-ऐकणं एकाच वेळी करते. एका टीव्हीला केबल जोडली की बाकीच्यांना तेवढा वेळ आपोआप मिळतो. घराचं काम निघालंच असेल तर विजेच्या पायपांपासून थोड्या अंतरावर लॅनसाठी एक वेगळा पाइप भिंतीत घालून ठेवावा. नंतर फरशीवरून वायर ओढत बसावं लागत नाही.

दुसरा उपाय, राऊटरची जागा. फायबर जिथून घरात शिरते तिथेच कंपनीचा माणूस डबा ठोकतो: दारामागे, शू रॅकवर, टीव्हीच्या पाठीमागे नाहीतर गॅलरीच्या कोपऱ्यात. सिग्नलचा निम्मा भाग जिन्यात जातो. फायबरच्या डब्यापासून लॅन केबल ओढून राऊटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, त्यावरचा आरसा, लॉफ्टवरची पाण्याची टाकी, फ्रिज आणि सळ्यांचा स्लॅब हे रेडिओलहरींचे वैरी. साधी विटांची अर्धी भिंत त्या मानाने बरी. कपाट एक फूट सरकवल्याने बेडरूम सुधारल्याचं पुष्कळदा दिसतं. बाहेरचे अँटेना असतील तर ते उभे ठेवा. अँटेनाच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सर्वांत कमी असतो, तो जातो आजूबाजूला.

तिसरा उपाय, बँडची वाटणी. तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा चार-पाचपट क्षीण मिळतो आणि भिंतीतही जास्त मार खातो. म्हणून फोन दूर गेला की २.४ वर उडी मारतो आणि परत जवळ आला तरी कधी कधी तिथेच बसून राहतो. दोन्ही बँडना वेगळी नावं देऊन फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर ठेवा. स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरे यांच्यापैकी बहुतेकांना २.४ च समजतं. त्यांना तिथे राहू द्या. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. जेवण गरम करताना कॉल तुटत असेल तर फोन कुठल्या बँडवर आहे ते आधी बघा.

घर मोठं असेल, रो-हाउस असेल किंवा वाड्याच्या जाड भिंती असतील तर एका राऊटरने भागत नाही. इथे बहुतेक जण प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणतात. साधा रिपीटर प्रत्येक पॅकेट ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे एकाच पॅकेटसाठी हवेचा वेळ दोनदा जातो. फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि वेग निम्मा होतो. त्याऐवजी दुसरा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकून केबलने पहिल्याला जोडा. नाव आणि पासवर्ड तेच, चॅनल मात्र वेगळा. असं केलं की एका रांगेच्या दोन रांगा होतात. मेश नावाने मिळणारे संचही हेच काम करतात. त्यांचे डबे आपसात केबलने जोडले तर पैसे वसूल, हवेतून जोडले तर काही वेळ त्यांच्या आपसांतल्या बोलण्यात जातो.

वेग आहे, तरी आवाज का तुटतो?

कधी कधी स्पीड टेस्ट उत्तम येते आणि कॉल मात्र अडखळतो. असं घडलं की उशीर मोजावा. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये आपल्या घरून एमआयटीकडे जुन्या फाइली पाठवताना पाहिलं, की पाठवणं चालू असताना साध्या विचारणेला उत्तर यायला एक सेकंदाहून जास्त वेळ लागतोय. वेग मात्र पूर्ण होता. मधल्या मोडेममध्ये पॅकेटं साठवायची जागा गरजेपेक्षा मोठी होती. फाइलींची पॅकेटं तिथे साचत होती आणि नंतर आलेलं प्रत्येक छोटं पॅकेट त्यांच्या मागे ताटकळत होतं. गेटिसने या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ नावाची रीत मांडली. पॅकेटं किती साठली यापेक्षा ती किती वेळ ताटकळली हे ती बघते आणि फार वेळ झाला तर काही पॅकेटं टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावकाश व्हायचा इशारा देते.

फोटोंचा बॅकअप सुरू झाला की मीटिंग तुटते, त्यामागे हेच असतं. राऊटरमध्ये अशी रीत वापरणारी ‘एसक्यूएम’ नावाची सेटिंग असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. दहा टक्के वेग सोडून दिल्याने मीटिंग सुरळीत होते, हा सौदा घाट्याचा नाही. सोय नसेल तर बॅकअपची वेळ रात्री दोननंतरची करा.

राऊटर घ्यायचाच असेल तर

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘एएक्स ३०००’ म्हणजे २.४ चे ५७४ आणि ५ चे २,४०२ यांची बेरीज. कुठलंही एक उपकरण एका वेळी दोन्ही बँडवर असा वेग घेत नाही. दोन अँटेनांचा फोन ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर फार तर १,२०१ ला जोडला जातो आणि त्यातलेही साठ-पासष्ट टक्केच हाती येतात. त्यापेक्षा लॅनची पोर्टं गिगाबिटची आहेत का ते बघा. ‘एसी १२००’ लिहिलेल्या अनेक स्वस्त राऊटरना अजूनही १०० एमबीपीएसचीच पोर्टं असतात.

उपकरणं फार असतील तर वायफाय ६ चा खरा फायदा होतो. यात राऊटर एक चॅनल लहान तुकड्यांत कापतो आणि वीस मेगाहर्ट्झमध्येही एका वेळी नऊ उपकरणांशी बोलू शकतो. पंचवीस वर्षांच्या वायफायमध्ये ‘एका वेळी एकच’ हा नियम राऊटरच्या देखरेखीखाली इतका सैल प्रथमच झाला. पण हे साधायला समोरचं उपकरणही वायफाय ६ चं लागतं. जुना टीव्ही आणि बल्ब आपल्या जुन्याच पद्धतीने नंबर लावत राहतात. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याचा खालचा, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग खुला करण्यासाठीचे मसुदा नियम मे २०२५ मध्ये आले. घरातले फोन आणि लॅपटॉप त्या बँडचे नसतील, तर आज त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा लावावा. जागा बदलणं, चॅनल बदलणं, बँड वेगळे करणं, नको असलेली नावं बंद करणं याला एक रुपयाही लागत नाही. त्यानंतर टीव्हीला आणि दूरच्या खोलीला केबल. तिला काहीशे रुपये लागतात. त्यापुढे दुसरा ॲक्सेस पॉइंट किंवा नवा राऊटर. मोठा प्लॅन या यादीत सर्वांत शेवटी येतो, आणि तोही केबलवरची पहिली मोजणी रोज रात्री प्लॅनच्या वेगाला टेकत असेल तरच.